समतोलाचा हिशेब

भिंगारच्या श्रोत्यांपुढे आम्ही जे बोललो तेच येथे थोडे नीटनेटके करून मांडीत आहोत. कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला उभा राहिला म्हणजे तो मजुरी, बोनस, फार तर कायद्याची कलमे यांवर बोलणार, अशी सर्वांची समजूत असते. त्यामुळे 'रासायनिक समतोलाचा स्थिरांक कसा मांडावा' हा विषय फलकावर वाचून पुष्कळांना नवल वाटले. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. जे काही रसायनशास्त्र आम्हांस येते ते वाचनालयातून उसनी आणलेली पुस्तके वाचून आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलांच्या वह्या चाळून आलेले आहे. तेव्हा पंडिताच्या अधिकाराने आम्ही बोलत नाही. ज्याला या गोष्टीची गरज पडली आणि जो तिच्यासाठी रात्री जागला, असा एक माणूस बोलत आहे असे समजावे. ती गरज कशी पडली हे आधी सांगितले पाहिजे.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या जिल्ह्यातल्या एका चुन्याच्या भट्टीवर पौषातल्या कडाक्याच्या थंडीत रात्रपाळीचा एक कामगार भट्टीच्या काठाशी, आडोशाला, गोणपाट पांघरून निजला. तेथे ऊब असते. सकाळी तो उठला नाही. अंगावर भाजल्याची खूण नव्हती, जखम नव्हती. चेहरा तर जिवंत माणसासारखा तांबूस होता. 'दारू पिऊन पडला असेल,' असे भट्टीवाल्यांनी सांगितले. आम्ही त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याची बायको म्हणाली, "भाऊ, आमच्या माणसानं कधी थेंबाला हात लावला न्हाई. मग ते गेले कशानं?"

'भट्टीच्या वायूने,' असे आम्ही म्हणालो. परंतु भट्टीवाले काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ते म्हणाले, "भट्टी उघड्यावर आहे. हवेच्या हजार भागांत एखादा भाग वायू असेल नसेल. तेवढ्याने धडधाकट माणूस मरतो काय?" या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. नुकसानभरपाईची मागणी उभी राहण्यापूर्वीच बसली. हजारात एक भागाने माणूस मरतो काय, याचे उत्तर एका साध्या अपूर्णांकात आहे, हे आम्हांला पुढे दोन वर्षांनी कळले. तो अपूर्णांक कसा लिहावयाचा, त्यात वर काय, खाली काय, आणि कोणाला बाहेर ठेवावयाचे, हाच आजचा विषय.

जाणारे आणि येणारे

पुष्कळ रासायनिक विक्रिया दोन्ही दिशांना चालतात. चुन्याचेच पाहा. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना उरतो आणि कार्बन डायॉक्साइड वायू उडून जातो. तोच चुना पाण्यात विरवून भिंतीला लावला की तो हवेतला तोच वायू सावकाश शोषून घेतो आणि पुन्हा दगडासारखा होतो. जुन्या वाड्यांच्या चुनेगच्ची भिंतींवर खिळा वाकतो तो याच कारणाने. भट्टीत जे सुटले, ते भिंतीत पुन्हा बांधले गेले.

ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या ध्यानी येण्यास बराच काळ लागला. १७९८ साली नेपोलियनच्या स्वारीबरोबर बर्थोले नावाचा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ इजिप्तला गेला होता. तेथल्या खाऱ्या तलावांच्या काठी त्याला धुण्याच्या सोड्याचे थर साचलेले दिसले. प्रयोगशाळेत जी विक्रिया एका दिशेने चालते, तीच येथे उलट चालली होती, कारण मीठ आणि चुनखडी यांचा साठा अफाट होता. कोणता पदार्थ किती आहे यावर विक्रियेचा कल अवलंबून असतो, हे बीज त्याने तेथे टिपले.

आता समतोल म्हणजे काय? पुष्कळांना वाटते की समतोल म्हणजे सारे थांबले. तसे नाही. कारखान्याच्या फाटकाचे उदाहरण घ्या. एका मिनिटाला वीस माणसे आत जात आहेत आणि वीसच बाहेर पडत आहेत. हजेरीपटावरचा आकडा हलत नाही, पण फाटकातली वर्दळ चालूच आहे. रासायनिक समतोल असाच असतो. पुढची विक्रिया आणि मागची विक्रिया सारख्याच वेगाने चालतात, म्हणून मोजमापात बदल दिसत नाही.

या वर्दळीचा हिशेब मांडला तो नॉर्वेच्या गुल्डबर्ग आणि वागे या दोघांनी. ते एकमेकांचे आप्त होते. १८६४ साली त्यांनी आपला नियम प्रथम मांडला तो आपल्या मातृभाषेत, नॉर्वेजियन भाषेत. बाहेरच्या जगाने तो वाचलाच नाही. मग १८६७ साली फ्रेंचमध्ये आणि १८७९ साली जर्मनमध्ये त्यांना तो पुन्हा लिहावा लागला. दरम्यान हॉलंडच्या व्हान्ट हॉफने स्वतंत्रपणे तेथपर्यंत मजल मारली होती. १८८४ साली त्याचा ग्रंथ निघाला, आणि रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ साली त्यालाच मिळाले. त्याच १८८४ साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची पहिली संघटना उभी केली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही हे आम्ही जाणतो. तरी आम्हांसारख्याला ते साल लक्षात ठेवण्यास सोपे जाते.

मांडणीचे नियम

आता मांडणीकडे वळू. प्रथम दोन शब्द समजून घेतले पाहिजेत. पदार्थाचे कण मोजण्यासाठी रसायनशास्त्राने 'मोल' हे माप धरले आहे. केळीवाल्याचा डझन बारांचा, तसा रसायनशास्त्राचा मोल ६०२ या आकड्यापुढे २१ शून्ये मांडल्यावर जी संख्या होते तेवढ्या कणांचा. एका लिटरच्या जागेत पदार्थाचे किती मोल आहेत, ही त्याची 'संहती'. म्हणजे त्या जागेतली दाटी. संहती दाखवावयाची असेल तेव्हा पदार्थाचे नाव चौकटी कंसात लिहितात.

उदाहरणासाठी आपण अमोनिया घेऊ. शेतकऱ्याच्या युरियाच्या गोणीचे मूळ अमोनियात आहे. ट्रॉम्बेचा खत कारखाना १९६५ साली सुरू झाला तो याच वायूच्या बळावर. जर्मनीत हाबर याने १९०९ साली प्रयोगशाळेत आणि बॉश याच्या खटपटीने १९१३ साली कारखान्यात ही विक्रिया साधली. ती अशी:

नायट्रोजन + ३ हायड्रोजन ⇌ २ अमोनिया

दोन्ही बाजूंना तोंडे असलेला बाण म्हणजे दुतर्फा रस्ता. आता नियम पाहा.

पहिला नियम: समीकरण आधी तोलून घ्यावे. डावीकडे जितके अणू, तितकेच उजवीकडे पाहिजेत. न तोललेल्या समीकरणावरून मांडलेला स्थिरांक खोट्या हजेरीपटावरून काढलेल्या पगारासारखा असतो.

दुसरा नियम: उजवीकडचे, म्हणजे तयार होणारे पदार्थ वर, आणि डावीकडचे, म्हणजे खर्ची पडणारे पदार्थ खाली.

तिसरा नियम: संहतींचा गुणाकार करावयाचा, बेरीज नव्हे. समीकरणात अधिक चिन्ह असते म्हणून नवशिका येथे हमखास चुकतो. आम्हीही चुकलो होतो. गुणाकार का? एका बाजूला पाच पाहुणे आणि दुसऱ्या बाजूला चार यजमान असले, आणि प्रत्येकाने समोरच्या प्रत्येकाला रामराम केला, तर रामराम होतील वीस, नऊ नव्हेत. कणांच्या गाठीभेटींचेही तसेच आहे.

चौथा नियम: समीकरणात ज्या पदार्थामागे जो आकडा असेल, तितक्या वेळा त्याची संहती गुणावयाची. तीन हायड्रोजन असले तर हायड्रोजनची संहती तीनदा. पुस्तकात हे घातांकाने, म्हणजे डोक्यावर लहान आकडा देऊन दाखवितात. आम्ही येथे उघडून लिहितो:

स्थिरांक = ([अमोनिया] × [अमोनिया]) ÷ ([नायट्रोजन] × [हायड्रोजन] × [हायड्रोजन] × [हायड्रोजन])

समजा, एखाद्या उष्णतामानाला समतोलात नायट्रोजनची संहती १, हायड्रोजनची २ आणि अमोनियाची ४ आढळली. वर ४ गुणिले ४, म्हणजे १६. खाली १ गुणिले २ गुणिले २ गुणिले २, म्हणजे ८. स्थिरांक आला २. हे आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. पण महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. त्याच उष्णतामानाला तुम्ही सुरुवात कोठूनही करा, नायट्रोजन अधिक घाला, नुसत्या अमोनियापासून आरंभ करा, भांडे लहान घ्या वा मोठे. समतोल झाल्यावर प्रत्येकाची संहती निरनिराळी येईल, परंतु हा अपूर्णांक मात्र २ च येईल. म्हणून त्याला 'स्थिरांक' म्हणावयाचे. त्याला हलविते ती एकच गोष्ट, उष्णतामान. म्हणून स्थिरांक सांगताना तो किती अंशांचा हे सांगावेच लागते.

याच अपूर्णांकातून दोन-तीन उपयोगी गोष्टी निघतात. समीकरण उलटे लिहिले, म्हणजे अमोनिया फुटून पुन्हा मूळ वायू होतात असे मांडले, तर वरचे खाली आणि खालचे वर जाते. स्थिरांक २ चा अर्धा होतो. दोन समीकरणांची बेरीज केली तर त्यांच्या स्थिरांकांचा गुणाकार होतो. आणि समतोल होण्यापूर्वी मध्येच संहती मोजून हाच अपूर्णांक काढला, व तो स्थिरांकापेक्षा लहान आला, तर विक्रिया अजून पुढे जाणार. मोठा आला तर मागे येणार. या गोष्टी पुढे रक्ताच्या हिशेबात लागणार आहेत.

कोणाला बाहेर ठेवावे?

पाचवा नियम आम्हांला सर्वांत अवघड गेला, कारण तो वगळण्याचा आहे. आपल्या चुन्याच्या भट्टीचे समीकरण मांडू:

चुनखडी (घन) ⇌ कळीचा चुना (घन) + कार्बन डायॉक्साइड (वायू)

आतापर्यंतच्या नियमांनी वर चुना आणि वायू, खाली चुनखडी असे यावयास पाहिजे. पण पुस्तकात होते एवढेच:

स्थिरांक = [कार्बन डायॉक्साइड]

आम्हांला वाटले छापखान्याची चूक असावी. ज्या दगडापासून सारे निघाले तोच हिशेबात नाही! एका प्राध्यापकांना आम्ही विचारले, "सर, राबणाऱ्याचेच नाव पटावरून उडाले, असे का?" ते हसले आणि म्हणाले, "अहो, चुनखडीच्या खड्यात एका लिटरच्या जागेत जितके मोल, तितकेच चुनखडीच्या डोंगरातही एका लिटरच्या जागेत. ढीग वाढला तरी दाटी वाढते का?" तेव्हा उलगडा झाला. शुद्ध घन पदार्थाची दाटी ठरलेली असते. जो आकडा कधी बदलतच नाही तो स्थिरांकात आधीच मुरलेला असतो. पुन्हा लिहावयाचे कारण नाही. शुद्ध द्रवाचेही तसेच. पातळ द्रावणात पाणी हेच विक्रियेत भाग घेत असेल तर तेही वगळतात, कारण एका लिटर पाण्यात सुमारे ५५ मोल पाणी असते. त्यातले चिमूटभर खर्ची पडले तर दाटीत फरक पडत नाही. सोड्याच्या बाटलीत विरलेला वायू पाण्याशी मिळून आम्ल होतो, तेव्हा आम्ल वर, विरलेला वायू खाली, आणि पाणी बाहेर.

मात्र बाहेर ठेवले म्हणजे नको झाले असे समजू नये. समतोल व्हावयाचा तर घन पदार्थ तेथे थोडा तरी शिल्लक पाहिजेच.

वायूंच्या बाबतीत संहतीऐवजी त्यांचा दाब घेतला तरी चालते. चुन्याच्या भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सियसला हा कार्बन डायॉक्साइडचा दाब वातावरणाच्या दाबाइतका होतो. म्हणूनच तेवढा जाळ लागतो. आणि भट्टीला वारा खेळता ठेवावा लागतो तोही याच हिशेबाने. वायू कोंडून राहिला की अपूर्णांक स्थिरांकाला जाऊन भिडतो आणि दगड भाजला जाणे थांबते. वायू निघून गेला की अपूर्णांक लहान राहतो, आणि विक्रिया पुढे चालते. पिढ्यान्‌पिढ्या भट्टी लावणाऱ्यांना हे हाताने ठाऊक होते.

परंतु तो वायू भट्टीबाहेर निघून जातो तो कोठे? कार्बन डायॉक्साइड हवेपेक्षा जड. वारा नसला की तो काठाशी, खळग्यात, आडोशाला साचतो. निजलेल्या माणसाच्या नाकाशी. हा एक धोका झाला. दुसरा त्याहून कपटी आहे.

निखाऱ्यातला चोर

भट्टीत चुनखडीबरोबर कोळशाचेही थर असतात. तापलेल्या निखाऱ्यावरून कार्बन डायॉक्साइड गेला की त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो:

कार्बन (घन) + कार्बन डायॉक्साइड ⇌ २ कार्बन मोनॉक्साइड

आता आपण स्वतःच मांडू शकतो. मोनॉक्साइड वर, दोनदा. डायॉक्साइड खाली. कोळसा घन, म्हणून बाहेर.

स्थिरांक = ([मोनॉक्साइड] × [मोनॉक्साइड]) ÷ [डायॉक्साइड]

उष्णतामान वाढले की हा स्थिरांक वाढतो. सुमारे १,००० अंशांना समतोल जवळजवळ सारा मोनॉक्साइडच्या बाजूला असतो. शेगडीतल्या निखाऱ्यांवर जी निळसर ज्योत नाचते, ती हाच वायू जळत असल्याची. येथे कोणी शंका काढील की, वायू बाहेर येऊन थंड झाला म्हणजे हिशेबाप्रमाणे तो पुन्हा डायॉक्साइड व्हावयास पाहिजे. खरे आहे, पण स्थिरांक विक्रिया कोठवर जाईल हे सांगतो, किती वेळात जाईल हे सांगत नाही. थंड हवेत तो पालट इतका सावकाश होतो की, झालाच नाही म्हणावे. म्हणून निखाऱ्यात निपजलेला मोनॉक्साइड जसाच्या तसा माणसापर्यंत पोहोचतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना झोंबत नाही. खोकला आला असता तर माणूस जागा तरी झाला असता.

रक्तातला अपूर्णांक

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. रक्तातले हिमोग्लोबिन फुप्फुसात ऑक्सिजन उचलते आणि अंगभर वाहून नेते. त्याच्या ज्या जागेवर ऑक्सिजन बसतो, त्याच जागेवर मोनॉक्साइडही बसतो. एका जागेपुरती दोन समीकरणे लिहिता येतात: हिमोग्लोबिन आणि मोनॉक्साइड मिळून मोनॉक्साइडयुक्त हिमोग्लोबिन, हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन मिळून ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन. दुसरे उलटे करून पहिल्यात मिळविले की मोकळे हिमोग्लोबिन दोन्हीकडून गळून पडते आणि उरते ती सरळ जागेची मारामारी:

ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन + मोनॉक्साइड ⇌ मोनॉक्साइडयुक्त हिमोग्लोबिन + ऑक्सिजन

स्थिरांक = ([मोनॉक्साइडयुक्त हिमोग्लोबिन] × [ऑक्सिजन]) ÷ ([ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन] × [मोनॉक्साइड])

माणसाच्या रक्तात, शरीराच्या उष्णतामानाला, हा स्थिरांक २०० ते २५० च्या दरम्यान भरतो. याचा अर्थ, जागा पटकावण्यात मोनॉक्साइड ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून भारी आहे. हिशेबाला आपण २१० धरू. हवेत ऑक्सिजन शेकडा २१ भाग. मोनॉक्साइड हजारात एक, म्हणजे शेकडा ०.१ भाग. मग रक्तातल्या दोन प्रकारच्या हिमोग्लोबिनांचे प्रमाण किती येईल?

२१० × ०.१ ÷ २१ = १

म्हणजे बरोबरी. हवेत हजारात एक भाग, आणि रक्त निम्मे बळकावलेले! शिवाय उरलेले निम्मे रक्त आपला ऑक्सिजन अधिक घट्ट धरून बसते आणि शरीराला सहजी सोडीत नाही. हा समतोल गाठावयास कित्येक तास लागतात. चालत्या-फिरत्या माणसाला पुष्कळदा तेवढे तास त्या जागी काढावे लागत नाहीत. रात्रभर निजलेल्या माणसाला ते मिळतात. मोनॉक्साइडयुक्त रक्त लालभडक असते. तो चेहरा तांबूस का होता, तेही कळले.

हा हिशेब ज्यांनी जगापुढे ठेवला त्यांत ब्रिटनचे शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन हे प्रमुख होते. त्यांनी स्वतः हा वायू हुंगून आपल्या रक्तावर प्रयोग केले. कोळशाच्या खाणीतील स्फोटांत मेलेल्या खाणकामगारांची तपासणी करून, बहुतेक जण स्फोटाने नव्हे तर मागाहून पसरलेल्या मोनॉक्साइडने मेले, असे त्यांनी १८९६ साली दाखवून दिले. खाणीत कॅनरी पक्षी नेण्याचा सल्ला त्यांचाच. चिमुकल्या पक्ष्याचा श्वास जलद, म्हणून त्याच्या रक्तात समतोल माणसाआधी येतो. तो कोलमडला की माणसांनी बाहेर पडावयाचे. त्यांचे चिरंजीव जे. बी. एस. हॉल्डेन हे नामवंत जीवशास्त्रज्ञ १९५७ साली भारतात आले, येथले नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले.

याच अपूर्णांकात उपायही लिहिलेला आहे. ऑक्सिजन वाढवा, म्हणजे विक्रिया मागे येते आणि मोनॉक्साइड जागा सोडतो. साध्या हवेत रक्तातला मोनॉक्साइड निम्मा होण्यास चार-पाच तास लागतात. नळीतून शुद्ध ऑक्सिजन दिला तर एक-दीड तासात काम होते. म्हणून अशा माणसाला आधी मोकळ्या हवेत काढावे आणि लगोलग ऑक्सिजनची सोय असलेल्या दवाखान्यात न्यावे. कांदा हुंगवीत किंवा पाणी शिंपडीत बसू नये. आणि त्याला काढावयास जाणाऱ्याने एकट्याने जाऊ नये, नाही तर एकाचे दोन होतात.

हिशेब कोणी शिकावयाचा?

१९४८ सालच्या कारखाने कायद्यात विषारी वायूच्या कोंदट जागी उतरण्याविषयी ३६ वे कलम घातले गेले. परंतु तो मूळ कायदा यंत्रशक्ती वापरणाऱ्या ठिकाणी दहा आणि न वापरणाऱ्या ठिकाणी वीस कामगार असल्यावाचून लागू होत नसे. पाच-सात माणसांच्या भट्ट्या त्याच्या बाहेरच राहिल्या. शुद्ध घन पदार्थाला समीकरणाबाहेर ठेवण्यास कारण आहे. माणसांना कायद्याबाहेर ठेवण्यास तसे कोणते कारण होते हे आम्हांला आजवर कोणी पटवून दिलेले नाही. जेथे कायदा पोहोचत नाही तेथे निदान ज्ञान पोहोचले पाहिजे. आम्ही ज्या ज्या भट्टीवर गेलो तेथे तीन मागण्या मांडल्या: निजावयाची जागा भट्टीपासून दूर आणि वाऱ्याच्या बाजूला असावी, रात्री एकटा माणूस ठेवू नये, आणि पडाळीत निखाऱ्यांची शेगडी पेटवून दार लावू नये. काही ठिकाणी त्या मान्य झाल्या, काही ठिकाणी नाहीत. पण 'हजारात एक भागाने काय होते' असे मात्र पुन्हा कोणी आमच्या तोंडावर विचारले नाही, कारण आम्ही खिशातून कागद काढून तेथल्या तेथे हिशेब मांडीत असू. शेगडीची गोष्ट केवळ भट्टीची नव्हे. थंडीत दारे-खिडक्या लावून शेगडी उशाशी घेणारी घरे गावातही आहेत. त्यांनीही हा अपूर्णांक ध्यानात ठेवावा.

हे सारे नीट समजल्यावर आम्ही एकदा त्या बाईंच्या घरी गेलो. समीकरण वगैरे काही काढले नाही. इतकेच सांगितले की, हवेत हजारात एक भाग वायू पुरे होता, रात्रभरात त्याने निम्मे रक्त धरले असते, आणि चेहरा तांबडा दिसत होता तो त्यामुळेच. दारूचा त्यात काही संबंध नसावा.

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भाऊ, हे कागदावर लिहून द्या. पोरगं मोठं झाल्यावर लोक त्याला काय काय सांगतील. त्याच्या हातात असावं."

आम्ही लिहून दिले. वर काय, खाली काय, तेही मांडले, आणि शेवटची ती एक ओळ, २१० गुणिले ०.१ भागिले २१. नुकसानभरपाईचा पैसा त्या घरी कधी गेला नाही. तो आमचा हिशेब चुकलेलाच राहिला. पण एका मुलाच्या हाती बापाच्या मरणाचे खरे कारण गेले, एवढे काम त्या अपूर्णांकाने केले.